दूरचित्रवाणीवरील पाठांचे चित्रमुद्रण: कापताना व सांधताना होणारे दोष आणि त्यांची दुरुस्ती

इयत्ता पहिलीचा वर्ग बाराखडीचा पाठ पाहत बसला आहे. पडद्यावर ‘का’ उमटते, कानांवर मात्र ‘क’ पडते. पडद्यावर ‘कि’ येते तेव्हा ‘का’ ऐकू येते. मोठ्या माणसाला हा घोटाळा तत्काळ उमगतो व तो मनातल्या मनात आवाज पुढे ओढून घेतो. ज्या बालकास अक्षराची ओळखच प्रथम होत आहे त्यास हे साधत नाही. ते डोळ्यांवर व कानांवर सारखाच विश्वास ठेवते आणि चुकीची जोडी पक्की करून घरी जाते.

कल्याणहून भिवंडीकडे जाताना दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन हे गाव लागते. भिवंडीचे यंत्रमाग आणि तालुकाभर पसरलेली गोदामे यांच्या कामासाठी परप्रांतांतून आलेली कुटुंबे या भागात पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी तेलुगू, हिंदी किंवा उर्दू बोलली जाते. अशा घरातील मूल वर्षाच्या मध्यावर मराठी शाळेत येऊन बसते तेव्हा गेलेले पाठ पुन्हा दाखविण्याचे साधन शिक्षकाच्या हाती असणे फार उपयोगाचे ठरते. परंतु याच मुलाला घरी चूक सुधारून देणारे कोणी नसते. म्हणून मुद्रित पाठ निर्दोष असण्याची गरज इतर मुलांपेक्षा त्याला अधिक आहे.

महाराष्ट्रात मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शालेय कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी १९८४ मध्ये पुण्यास ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. ती २०१७ मध्ये बंद पडली. महामारीमुळे शाळांची दारे बंद असता २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका दाखविण्यात आली. त्या काळात अनेकांनी सेट-टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून पाठ साठवून ठेवण्यास आरंभ केला. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ३९ नुसार निव्वळ प्रामाणिक अध्यापनासाठी प्रक्षेपणाचे असे मुद्रण करण्यास हरकत नाही. ते समाजमाध्यमांवर सर्वांसाठी खुले करणे मात्र या सवलतीत बसत नाही, हे ध्यानात असावे.

मुद्रणात पाठाच्या आगेमागे जाहिराती, सूचना व पुढील कार्यक्रमाचे तुकडे येतात. ते काढून टाकावेत व उरलेले भाग सांधावेत, एवढेच शिक्षकास करावयाचे असते. काम दिसते कात्री-डिंकाचे. प्रत्यक्षात ते तसे नाही, आणि बहुतेक दोषांचे मूळ याच गैरसमजात आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हा फिल्मवरील प्रत्येक चौकट हे एक संपूर्ण छायाचित्र होते. ती कोणत्याही दोन चौकटींमध्ये कापून चिकटविता येई. आजच्या फाईलमध्ये प्रत्येक चौकट संपूर्ण नसते.

हे समजण्यास शाळेतील हजेरीचेच उदाहरण घ्यावे. एखाद्या शिक्षकाने सोमवारी सर्व मुलांची नावे लिहिली आणि मंगळवारी फक्त ‘कालच्याप्रमाणेच, क्रमांक ७ गैरहजर’ एवढेच लिहिले, बुधवारी पुन्हा तेवढाच फरक नोंदविला, तर कागद वाचतो. परंतु सोमवारचे पान फाडून बुधवारचे पान कोणाच्या हाती दिले तर त्याला काहीच बोध होणार नाही. चित्राच्या फाईलमध्ये ‘आय’ या प्रकारची चौकट म्हणजे सोमवारचे पूर्ण पान होय. ‘पी’ चौकट आधीच्या चौकटीपासूनचा फरक सांगते व ‘बी’ चौकट मागील आणि पुढील अशा दोन्हींच्या आधाराने तयार होते. आपल्याकडे सेकंदास २५ चौकटी असतात आणि सामान्य वाहिनीवर साधारणतः दर १२ ते १५ चौकटींनंतर, म्हणजे सुमारे अर्ध्या सेकंदाने, एक पूर्ण चौकट येते. मधेच काप घेतला की पुढील पूर्ण चौकट येईपर्यंत पडद्यावर करडे ठोकळे दिसतात, चेहरे विरघळल्यासारखे होतात, अथवा चित्र थिजून फक्त आवाज चालतो. सांध्यापाशी अर्धा सेकंद टिकणारा आणि आपोआप नाहीसा होणारा असा दोष दिसला तर कारण शोधत बसू नये. काप चुकीच्या चौकटीवर पडला आहे.

त्यावर उपाय सोपा आहे. एव्हिडेमक्स हा विनामूल्य कार्यक्रम चालू चौकटीचा प्रकार पडद्यावर दाखवितो आणि कळफलकावरील वर-खालीच्या बाणांनी एका पूर्ण चौकटीवरून दुसरीवर नेतो. चित्र व ध्वनी दोन्ही ‘कॉपी’ या पर्यायावर ठेवून ठेवावयाच्या भागाचा आरंभ ‘आय’ चौकटीवर धरावा. पाठ ज्या वाक्याने सुरू होतो त्याच्या किंचित आधीची चौकट घ्यावी. जाहिरातीचा पाव सेकंद राहिला तर काही बिघडत नाही, पण शिक्षिकेच्या पहिल्या शब्दाचे आद्याक्षर गेले तर बिघडते.

आता बाराखडीच्या घोटाळ्याकडे वळावे. आवाज व चित्र यांचे तुकडे फाईलमध्ये निरनिराळ्या मापांचे असतात. चित्राची एक चौकट ४० सहस्रांश सेकंदांची, तर प्रक्षेपणात नेहमी वापरल्या जाणाऱ्या ध्वनिपद्धतीचा एक तुकडा २४ सहस्रांश सेकंदांचा असतो. त्यामुळे कापाच्या ठिकाणी दोहोंची टोके नेमकी जुळत नाहीत. ही तफावत क्षुल्लक होय. परंतु काप पूर्ण चौकटीवर नसेल तर काही कार्यक्रम चित्राचा निराधार भाग गाळतात आणि आवाज मात्र तसाच ठेवतात. समजा, दर सांध्यास चित्र ०.२ सेकंदाने तोकडे पडले आणि पाठात सहा सांधे आहेत. तर अखेरच्या भागात आवाज १.२ सेकंद मागे राहील. बाराखडी सेकंदास एक अक्षर या गतीने म्हटली जाते. पडद्यावर ‘का’ आणि कानांवर ‘क’ हा प्रकार येथून उद्भवतो.

आवाज मागे-पुढे झाला असे दिसताच पुष्कळदा अंदाजाने अर्धा सेकंद सरकवून पाहिले जाते. तसे करू नये. प्रथम दोष कोणत्या जातीचा आहे हे ठरवावे. पाठाच्या आरंभी, प्रत्येक सांध्याच्या अलीकडे व पलीकडे आणि अगदी शेवटी अशा ठिकाणी टाळी, खडूचा फळ्यावर आघात किंवा ओठ मिटून उच्चारला जाणारा ‘प’, ‘ब’, ‘म’ यांपैकी वर्ण शोधावा. ओठ मिटलेले दिसतात तोच क्षण कानांना ऐकू येतो काय, हे पाहावे. फरक सांध्यानंतर एकदम उत्पन्न होऊन पुढे तेवढाच राहत असेल तर दोष सांध्याचा आहे; तो काप ‘आय’ चौकटीवर नेऊन पुन्हा घ्यावा. फरक आरंभापासूनच असून शेवटपर्यंत तेवढाच राहत असेल तर मात्र आवाज सरकविणे हा योग्य उपाय होय. आणि आरंभी काहीच फरक नसून तो हळूहळू वाढत असेल तर सरकविण्याने काहीही साधणार नाही, कारण येथे दोन घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालत आहेत.

या शेवटच्या प्रकाराचे एक उदाहरण पाहावे. दूरचित्रवाणीचा आवाज सेकंदास ४८,००० नमुने या मापाने येतो. शिक्षिकेने पाठाच्या आरंभी स्वतःची तेलुगू किंवा हिंदी प्रस्तावना जोडली, आणि ती ४४,१०० नमुन्यांची असून जोडताना ४८,००० ची धरली गेली, तर आवाज पातळ व भरभर होतो. १० मिनिटांचे बोलणे ९ मिनिटे ११ सेकंदांतच संपते. प्रस्तावना मोबाईलवर चित्रित केली असेल तर आणखी एक अडचण येते: मोबाईल बहुधा सेकंदास ३० च्या आसपास चौकटी घेतो आणि उजेडाप्रमाणे ती संख्या बदलतो. ही प्रस्तावना जोडण्याची कल्पना उत्तम आहे आणि ती अवश्य जोडावी. फक्त जोडण्यापूर्वी ती नव्याने रूपांतरित करून २५ चौकटी, ४८,००० नमुने, पाठाइतकीच लांबी-रुंदी आणि पाठाचीच संकेतनपद्धती अशी करून घ्यावी. मोठ्या पाठाचे रूपांतर करण्यापेक्षा लहान प्रस्तावनेचे करणे शहाणपणाचे, कारण प्रत्येक रूपांतरात चित्र थोडे मळते आणि फळ्यावरील बारीक अक्षरेच सर्वांत आधी मळतात.

दोन भाग सांधताना ‘नॉन-मोनोटोनस डीटीएस’ अशा शब्दांची तक्रार एफएफएमपेग हा कार्यक्रम पुष्कळदा करतो. तिचा अर्थ इतकाच की, चौकटींवरील वेळेचे आकडे चढत्या क्रमाने नाहीत. पुन्हा शाळेकडेच पाहावे. दोन शाळा एकत्र केल्या आणि दोन्हींची जनरल रजिस्टरे एकावर एक ठेवली, तर ८४० नंतर एकदम क्रमांक १ येईल व दाखला शोधणारा गोंधळेल. दुसऱ्या वहीतील क्रमांक पहिलीच्या पुढे चालवावे लागतात. म्हणून सांधणाऱ्या कार्यक्रमास भागांची यादी देऊन त्याच्याकडूनच ते क्रमांक नव्याने घालून घ्यावेत; भाग नुसते एकामागे एक चिकटवू नयेत. प्रक्षेपणातील हे घड्याळ सेकंदास ९०,००० ठोके मोजते आणि २६ तास ३० मिनिटे ४३ सेकंदांनी पुन्हा शून्यावर येते. पाठाच्या मध्यावर तो क्षण येणे दुर्मिळ. परंतु न कापलेली फाईलच मध्यावर वेळ उलटी दाखवू लागली तर हे कारण आठवावे.

नुसते चिकटविणे जेथे योग्य आहे असा एक प्रसंग मात्र आहे, आणि तेथेच लोक नेमके उलट करतात. पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ या पद्धतीने आखलेला असतो व त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. सेकंदास सुमारे ३० लाख बिट या वेगाने येणाऱ्या वाहिनीचे मुद्रण ३ तासांच्या आसपास ही मर्यादा गाठते आणि सकाळभराच्या मुद्रणाचे दोन भाग पडतात. प्रक्षेपणातील माहिती १८८ बाइटांच्या पुडक्यांत बांधलेली असते. ४ जीबी या आकड्यास १८८ ने निःशेष भाग जात नाही, त्यामुळे भाग पाडताना एखादे पुडके मधोमध तुटू शकते व त्याचा अर्धा तुकडा पहिल्या फाईलच्या शेवटी, तर उरलेला दुसरीच्या आरंभी राहतो. यंत्राने पाडलेले असे भाग प्रथम जसेच्या तसे एकापुढे एक जोडून अखंड करावेत व नंतर कापावेत. आधी कापून मग जोडले तर तुटलेले पुडके कायमचे हरवते.

हे नुसते जोडणे ‘टीएस’ प्रकारच्या फाईलींनाच चालते. ‘एमपी-४’ फाईलमध्ये सर्व चौकटींची अनुक्रमणिका एका ठिकाणी असते. दोन एमपी-४ फाईली एकापुढे एक ठेवल्या तर पहिलीची अनुक्रमणिका पहिलीपुरतेच सांगते. फाईलचा आकार दुप्पट होतो, पण पाठ निम्म्यावर संपतो. तसेच मुद्रण चालू असता वीज गेली तर ही अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही व ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’ असा निरोप येतो. टीएस फाईल मात्र वीज गेली त्या क्षणापर्यंत चालते. वीज जाण्याचा संभव असलेल्या ठिकाणी मुद्रण टीएसमध्येच ठेवावे, कापणे-सांधणे त्यातच पुरे करावे आणि वर्गात दाखविण्यासाठी शेवटी एमपी-४ करून घ्यावे.

एक दोष कोणत्याही युक्तीने जात नाही, तो पावसाचा. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि डिशवरील संदेश मुसळधार पावसात क्षीण होतो, हा एक दुर्दैवी योग होय. प्रत्येक प्रवाहातील पुडक्यांवर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. मध्ये खंड पडला की कार्यक्रम ‘डिसकंटिन्यूइटी’ किंवा ‘पॅकेट करप्ट’ असे कळवितो. हरवलेली पुडकी परत आणता येत नाहीत. अशा वेळी बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंस ‘आय’ चौकटी पाहून तेवढा भाग स्वच्छ काढावा. काढलेल्या भागात काय होते हे शिक्षकाने पाठ्यपुस्तकातून पाहून ठेवावे, दाखविताना तेथे पाठ थांबवावा व तेवढे फळ्यावर स्वतः शिकवावे. पुनःप्रक्षेपण होणार असेल तर अर्थातच ते मुद्रित करून घ्यावे. मात्र दोन निरनिराळ्या वेळच्या मुद्रणांचे भाग सांधताना वाहिनीने मधल्या काळात चित्राचे माप बदललेले नाही ना, हे आधी पाहावे. माप भिन्न असेल तर एव्हिडेमक्स भाग जोडण्यास नकार देतो, आणि तो नकार योग्यच असतो.

मूळ मुद्रण तयार पाठ वर्गात एकदा पूर्ण दाखवून होईपर्यंत पुसू नये. तपासणी संगणकावर न करता वर्गातील ज्या संचावर पाठ दाखवायचा त्याच संचावर करावी, कारण संगणकावरील व्हीएलसीसारखे कार्यक्रम पुष्कळ दोष पोटात घालतात आणि दूरचित्रवाणी संच घालत नाही. सबंध पाठ पाहण्यास वेळ नसेल तर प्रत्येक सांध्याच्या आधीची व नंतरची १० सेकंदे आणि शेवटचे एक मिनिट पाहावे. पहिलीच्या बाराखडीचा पाठ असेल तर मात्र तो आरंभापासून अखेरपर्यंत, अक्षरावर बोट ठेवून, मोठ्याने म्हणत पाहावा.