मत कोणाला हे गुप्त, मत दिले का हे नाही

शंका : आम्ही दोघेही नोकरी करतो. लोकसभा, विधानसभा कधी चुकवत नाही. महापालिकेला मात्र जोडून सुट्टी मिळाली की गावी जातो. उमेदवारांची नावेही ठाऊक नसतात, त्यात एकदम चौघे निवडायचे. आमच्या दोन मतांनी काय फरक पडणार? (एक वाचक, पिंपळे सौदागर)

समाधान : दोन मतांनी निकाल फिरेल असे सांगून तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणार नाही. फिरतो, पण क्वचित. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये पहिल्या दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि नगरसेवक चिठ्ठी टाकून ठरला. २०२४ ला मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. बहुतेक ठिकाणी फरक शेकड्यांत, हजारांत असतो. तिथे तुम्ही गावी गेलात काय आणि रांगेत उभे राहिलात काय, निवडून येणारा तोच.

तरीही जा म्हणतो. निवडणुकीच्या कामात उमेदीची वर्षे गेली, त्यात एक गोष्ट पक्की कळली. तुम्ही मत कोणाला दिले हे कोणालाही कळत नाही. तुम्ही मत दिले की नाही, हे मात्र सगळ्यांना कळते. केंद्रात उमेदवारांचे प्रतिनिधी यादी पुढ्यात घेऊन बसलेले असतात. अधिकाऱ्याने तुमचे नाव पुकारले की ते त्यांच्या यादीत खूण करतात. दुपारपर्यंत बाहेरच्या टेबलावर कळते की अमुक सोसायटीची अजून निम्मी माणसे उतरलेली नाहीत. मग दाराची बेल वाजते, "काका, राहिलंय ना तुमचं?"

मोजणीच्या दिवशी तर आणखी बारकाईने पाहतात. यंत्रांची मोजणी केंद्रवार होते. एका केंद्रावर हजार-दीड हजारापर्यंत मतदार, म्हणजे दोन-चार सोसायट्या किंवा एक वस्ती. जाळीपलीकडे बसलेला प्रतिनिधी मांडीवरच्या वहीत केंद्र क्रमांकासमोर आकडे उतरवत असतो. संध्याकाळी गुलाल उधळणारे वेगळे. ही वही वाचणारे वेगळे, आणि पुढची पाच वर्षे तेच वाचतात. कुठल्या गल्लीने साथ दिली, कुठली विरोधात गेली, हे त्यांना साधारण कळते. विरोधात गेलेल्या गल्लीचीही पुढच्या वेळी मनधरणी होते. जी गल्ली मतदानालाच येत नाही, तिच्या पाण्याच्या टँकरची चिंता कोणी करावी? मला हे पसंत नाही, पण असेच चालते. म्हणून तुमची दोन मते निकालासाठी नव्हे, त्या वहीतल्या तुमच्या केंद्राच्या आकड्यासाठी मोलाची आहेत. निवडणूक जितकी लहान, तितका तो आकडा जवळून वाचला जातो.

नगरसेवक नसला तर काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात तुंबलेल्या गटाराची तक्रार कोणाच्या दारात न्यायची, हा प्रश्न तुमच्याही सोसायटीत निघाला असेल.

चार जागांचे म्हणाल तर अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी बटण दाबावे लागते, तोवर मतदान पूर्ण झाल्याची शिटी वाजत नाही. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरता नोटा दाबा. दोन बटणे दाबून माघारी वळू नका. उमेदवारांची शपथपत्रे आदल्या रात्री चाळायला अर्धा तास पुरतो.

शंका : नोटा दाबला तर मत फुकट जाते का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

समाधान : तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून अधिक मते. निवडून यायचा तो आलाच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने नोटाचे बटण आले. पण लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालचा उमेदवारच विजयी होतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांसाठी २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला : नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक नव्याने. म्हणजे नोटाला खरी धार आहे ती आपण किरकोळ समजतो त्याच निवडणुकीत.

शंका : माझे नाव मुंबईत आहे आणि गावच्या यादीतही. ग्रामपंचायतीला गावी मत दिले तर चालेल ना? (एक वाचक, मूळ पाटण तालुका)

समाधान : नाही. नाव एकाच ठिकाणी ठेवता येते आणि खोटे प्रतिज्ञापन केल्यास शिक्षेची तरतूद आहे. जिथे वर्षातले बहुतेक दिवस राहता तिथले ठेवा, दुसरे वगळण्यासाठी नमुना ७ भरा. गावकीचा आग्रह मी समजू शकतो. पण सरपंचाने बांधलेल्या रस्त्यावरून तुम्ही गणपतीत आणि शिमग्यालाच चालता. स्थानिक निवडणुकांची यादी वेगळी बनत नाही, आयोगाने ठरवलेल्या तारखेची विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. तेव्हा निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही, नाव आत्ताच तपासा.

शंका : केंद्रावर गेलो तर माझ्या नावावर आधीच मतदान झालेले! अधिकारी म्हणाले, आता काही करता येणार नाही. (एक वाचक, नाशिक)

समाधान : करता येत होते. ओळख पटवून द्यायची आणि प्रदत्त मत मागायचे. केंद्रावर त्याला सगळे टेंडर व्होट म्हणतात. तुम्हाला यंत्र नव्हे, कागदी मतपत्रिका मिळते, वेगळ्या यादीत सही घेतात आणि मतपत्रिका स्वतंत्र पाकिटात बंद होते. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, हे खरे. पण निकाल न्यायालयात गेला तर ती पाकिटे महत्त्वाची ठरतात. राजस्थानात २००८ मध्ये नाथद्वाऱ्याची जागा सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पुढच्या वेळी केंद्राध्यक्षांपुढे शांतपणे हा शब्द उच्चारा, कागद निघतो.

शंका : आजी ८७ वर्षांची आहे. घरून मतदान होईल का? (एक वाचक, चिपळूण)

समाधान : लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरील मतदारांना ही सोय आहे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-डी द्यावा लागतो, मग पथक घरी येते. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आजींना चालवत असेल आणि शेजारणींना भेटायची हौस असेल तर केंद्रच बरे. तिथे वृद्धांना रांगेत थांबावे लागत नाही.