टर्बो हलवायचा तर

जुन्या जीपमध्ये टर्बो डिझेल इंजिन बसवायला घेतलंस, चांगलं केलंस. इंजिन चेसिसमध्ये उतरलं, गिअरबॉक्सला जुळलं, आणि आता टर्बो आडवा येतोय म्हणतोस. येणारच की लेका. ज्या गाडीचं ते इंजिन, तिच्यात टर्बोला आधीच जागा सोडलेली असते. जीपमध्ये उजवीकडं स्टीअरिंग बॉक्स, खाली चेसिस, वर बॉनेट, कुठंतरी घासणारच. म्हणून लगेच ग्राइंडर घेऊन चेसिसला खाच मारू नकोस. कुणी नवा मॅनिफोल्ड बनवून देतो म्हणाला, तरी आधी पैसे काढू नकोस. बऱ्याच गाड्यांचं काम टर्बो नुसता फिरवून भागतं, आणि त्याला गॅरेजमधली साधी हत्यारं पुरतात.

टर्बोचे तीन भाग. धुराकडचं बिडाचं घर, मधला बेअरिंगचा गड्डा आणि हवेकडचं ॲल्युमिनियमचं घर. कंपनीनं ते एका ठरावीक कोनात आवळलेले असतात, पण बोल्ट ढिले केले की तिन्ही आपापल्या जागी गोल फिरतात. हवेचं घर कुठं बोल्ट-पट्टीवर असतं, कुठं मोठ्या सर्कलिपवर. काही टर्बोत आत एक छोटी पिन असते, ती असली तर फिरायला आडकाठी येते, तेवढं आधी बघ. उघडण्याआधी तिन्ही भागांवर छन्नीनं एकेक खूण मार. खडूची खूण ऑइलनं पुसली जाते.

हवेचं घर सहज सुटतं. धुराचं सुटत नाही, कारण ते लाल होईपर्यंत तापून तापून चिकटलेलं असतं. तिथं घाई केलीस की बोल्ट आत तुटलाच म्हणून समज. आदल्या रात्री गंजावरचं ऑइल सोडून ठेव, सकाळी गॅसनं शेकव आणि लाकडी हातोडीनं चहूबाजूंनी टकटक करत सरळ ओढून काढ. तिरकं ओढलंस तर आतल्या चाकाचं पातं घराला टेकतं आणि कड वाकते. ते चाक ज्यावर बसतं तो शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. वाकलेलं पातं डोळ्यांना किरकोळ दिसलं तरी तोल गेला, की बेअरिंग गेलंच.

आता मुख्य गोष्ट. फिरवायचं ते ऑइलच्या हिशोबानं. सगळी पोरं आधी सायलेन्सरचा पाइप कुठून न्यायचा ते ठरवतात आणि मग उरलेल्या जागेत ऑइलचे पाइप कोंबतात. उलटं कर. मधल्या गड्ड्यात ऑइल वरून दाबानं येतं, पण खालून निघताना त्याला कसलाच दाब नसतो. आत इतकं घुसळतं की बाहेर पडताना त्याचा फेस झालेला असतो, आणि तो फेस फक्त उतारानं खाली जातो. मोरीच्या पाण्याचं असतं तसंच. त्यामुळं ड्रेनचं तोंड सरळ खाली पाहिजे. अगदीच अडलं तर थोडं तिरकं चालतं, पण ३५ अंशांच्या पुढं कधीही नाही. आणि शाफ्ट जवळजवळ आडवाच राहिला पाहिजे, १५ अंशांच्या आत.

ड्रेनचा पाइप जाड घे, आतून १२ ते १६ मिलिमीटर तरी हवा. वाटेत कुठंही लोंबता कामा नये, वळणावर दबता कामा नये, आणि इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये तो ऑइलच्या पातळीच्या वरच उघडला पाहिजे. पातळीखाली भोक पाडलंस तर फेस माघारी तुंबतो. टर्बोला रबरी सील नसतं, पिस्टनला असतात तशा बारीक रिंगा असतात. ऑइल तुंबलं की त्या रिंगा ते अडवू शकत नाहीत आणि सायलेन्सरमधून निळा धूर सुरू होतो. मग लोक टर्बो बदलतात, नवा टर्बोही धूर मारतो, आणि दुकानदाराला शिव्या खाव्या लागतात. निळा धूर दिसला तर आधी ड्रेन बघ, मग इंजिनचा ब्रीदर तुंबलाय का बघ, टर्बोला सगळ्यांत शेवटी हात लाव. ड्रेनच्या फ्लँजला सिलिकॉन पेस्ट लावायची नाही. कागदी गॅसकेट कापून घाल. पेस्टचा तुकडा आत सुटला तर भोकच बंद करतो.

यातच आणखी एक गोष्ट आली. टर्बो चेंबरच्याही खाली न्यायचा विचार करू नकोस. खालून ऑइल वर खेचायला वेगळा पंप लागतो, आणि तो आपल्या खिशाचा मामला नव्हे. गाडीच्या मागच्या टोकाला टर्बो लावतात त्यांचंही तेच.

ड्रेन सरळ झाला की धुराचं घर मॅनिफोल्डला जुळव, त्यानंतर हवेचं तोंड तुला हवं तिकडं वळव. इथं एक पाय अडकतो. वेस्टगेटचा डबा बहुतेक टर्बोंत हवेच्या घराला बसवलेला असतो आणि त्याची दांडी धुराच्या घरावरच्या आर्मला. एक घर फिरलं की दांडी तिरकी होते. तिला वाकवून बसवू नकोस. डब्याला पट्टीचा नवा ब्रॅकेट कर, म्हणजे दांडी आर्मला सरळ ओढेल. दांडीची लांबी अशी ठेव, की पिनेत घालताना तिला मिलिमीटर-दोन मिलिमीटर ओढून घालावी लागेल, म्हणजे वेस्टगेटची झडप घट्ट मिटते. डबा तपासायला गॅरेजच्या कॉम्प्रेसरची गन थेट लावू नकोस, आतला पडदा फाटतो. सायकलच्या पंपानं हळू दाब दे आणि दांडी सरकते का बघ. तुझ्याकडं फिरत्या पात्यांचा, व्हॅक्यूमवरचा टर्बो असेल तर मात्र धुराच्या बाजूला खेळ करू नकोस, हवेचंच घर फिरव आणि थांब.

एवढं करूनही घासलं, तर मग मॅनिफोल्डवर येऊ. कधी कधी मॅनिफोल्ड उलटा बसतो आणि टर्बो खालचा वर जातो. पोर्ट जुळतात का ते गॅसकेट उलटी ठेवूनच कळतं. तेही जमलं नाही तर मध्ये तुकडा घालावा लागतो. बिडाच्या मॅनिफोल्डला साधा रॉड मारून लांबी वाढवणारे भेटतील. टाका छान दिसतो, पण गार होताना टाक्याच्या कडेनं बारीक तडा जातो. बीडच जोडायचं असेल तर निकेलचा रॉड पाहिजे, आधी शेकवायचं आणि नंतर राखेत पुरून सावकाश गार करायचं. त्यापेक्षा वाफेच्या लाइनीचा जाड काळा पाइप आणि तयार बेंड घे. आपल्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये १२ मिलिमीटर पाटीचे फ्लँज कापून मिळतात. वेल्डिंग करताना फ्लँज दुसऱ्या जाड पाटीला आवळून ठेव, आणि काम झालं की त्याचं तोंड मशिनवर सपाट करून घे, वाकलेला फ्लँज गॅसकेट खातोच. शिरोलीच्या फाउंड्रीत ओळखीनं एखादा नग ओतूनही देतील, पण एका नगासाठी पॅटर्नचा खर्च कशाला?

टर्बोचं वजन एकट्या मॅनिफोल्डवर टांगू नकोस, इंजिनच्या ब्लॉकवरून एक पट्टी आधाराला घे. चेसिसवरून घेऊ नकोस, कारण इंजिन रबरावर हलतं आणि चेसिस हलत नाही. सायलेन्सरच्या पाइपातही म्हणून बेलोज पाहिजे. डिझेल इंजिन बंद करताना किती हिसका देतं तुला माहीत आहे. पहार घालून इंजिन दोन्हीकडं हलवून बघ, त्यानंतरही टर्बो आणि पत्र्यात २५ मिलिमीटर मोकळं राहिलं पाहिजे. ब्रेकचा पाइप, वायरिंग, डिझेलची नळी यांच्यापुढं पत्र्याची आड लाव, पण टर्बोला चिकटवून नाही, मध्ये हवा खेळू दे. हवेच्या पाइपाच्या टोकाला कड उठवून घे, नाहीतर दाब आला की होज निसटते.

ही सगळी मापं झाली की वेल्डिंग-ग्राइंडिंग करताना मधला गड्डा बाहेर काढून, चिंधीत गुंडाळून कपाटात ठेव. ग्राइंडरची एक ठिणगी आत गेली तरी महाग पडते.

कागदांचंही बघ. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि नव्या इंजिनचा नंबर आरसीवर चढवावा लागतो. भंगारातल्या इंजिनचं बिल नसेल तर तिथंच अडशील.

सुरू करताना वरच्या भोकात ऑइल ओत, चाक बोटानं फिरव, ड्रेनचा पाइप सोडून खाली डबा ठेव. डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा मार. ड्रेनमधून ऑइल पडायला लागलं की पाइप लाव, मगच डिझेल सोड, आणि पाच मिनिटं नुसतं आयडलवर चालू दे. एकदा गरम होऊन गार झालं की मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळ. सायलेन्सरचा लांब पाइप त्यानंतरच कापायला घे, आधी नाही.