पोटभर जेवून ये, बाई

अगं, काल तुझा फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. ऑफिसातल्या सगळ्यांना नाताळच्या दुपारी फलकनुमा महालातल्या हॉटेलात जेवायला नेणार आहेत आणि तू मला विचारतेस, "आक्का, पोट बिघडलंय म्हणून सांगू का?" कशाला घाबरायलीस एवढी?

तुझी भीती मला कळते बरं. मी नोकरीला लागले त्या वर्षी अशाच एका मोठ्या हॉटेलात नाताळच्या जेवणाला गेले होते. ताटली घेतली, पहिल्याच टेबलावरचा पाव आणि थोडी कोशिंबीर वाढून घेतली आणि कोपऱ्यात जाऊन बसले. पुढे अजून सहा टेबलं भरून पदार्थ मांडलेले होते. पुन्हा उठले तर लोक काय म्हणतील, म्हणून उठलेच नाही. रात्री खोलीवर येऊन कुकर लावला, वरणभात कालवला आणि रडले. त्या दिवशी मला कुणी काहीच म्हणालं नव्हतं. अर्धपोटी राहिले ती माझी मीच. तुझं तसं होऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं सांगायलेय.

तू लग्नाच्या पंगतीत बसतेस तेव्हा मीठ कुठं, चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी उजवीकडं, हे तुला कुणी वही घेऊन शिकवलं का? बघून बघून आलं. तिथलंही तसंच. ताटाच्या दोन्ही बाजूंना काटे-सुऱ्यांची रांग दिसली की बाहेरच्या जोडीपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक पदार्थाबरोबर आत सरकायचं. मध्ये पाणी प्यायला थांबलीस तर काटा आणि सुरी ताटात एकमेकांपासून लांब, तिरकी ठेव. जेवण झालं की दोन्ही शेजारीशेजारी ठेव, म्हणजे वाढपी ताट उचलतो. आणि बुफे असेल तर आधी रिकाम्या हाताने एक चक्कर मार. काय काय आहे ते सगळं बघ, मग ताटली घे. चारदा उठलीस तरी चालतं, त्याची रीतच तशी आहे. नान, पराठा मांडला असेल तर हातानं खा, बिनधास्त.

टर्की नक्की असेल. कोंबडीच्या कुळातलाच, पण भला मोठा पक्षी. सबंध भाजून आणतात आणि समोर कापून देतात. मांस जरा कोरडं असतं, म्हणून वरून ग्रेव्ही आणि क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस घ्यायचा. आपण भाकरी चुरून वर येसराची आमटी ओततो ना, तसं भिजवून खा, मग चव कळते. मार्गशीर्ष पाळत असलीस तर लाजू नको, दोन दिवस आधीच ऑफिसात सांगून ठेव. अशी हॉटेलं शाकाहारी माणसासाठी वेगळं शिजवतात, फक्त त्यांना आधी कळायला हवं. बिर्याणी दिसली तरी पहिल्यांदा तिकडं वळू नको. हैदराबादेत राहतेस, ती तुला रोज मिळते.

गोडासाठी मात्र जागा ठेव. नाताळचं पुडिंग म्हणजे काळसर, जड, तासन् तास वाफेवर शिजवलेला गोळा. मनुका, बेदाणे, संत्र्याची साल, दालचिनी, जायफळ, सगळं एकजीव झालेलं. त्यावर कोमट ब्रँडी ओतून काडी लावतात. खोलीतले दिवे मंद केले की ती निळी ज्योत पुडिंगभोवती फिरताना दिसते, दहा-पंधरा सेकंद, मग विझते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या देवघरातला कापूर आठवला. प्लम केकमध्ये प्लम शोधत बसू नको, जुन्या इंग्रजीत मनुकांनाच प्लम म्हणायचे. त्यातली फळं बहुधा रममध्ये मुरवलेली असतात. नको असेल तर विचार, बिनदारूचाही ठेवतात. ग्लासात कुणी काही ओतायला आलं आणि तुला नको असलं तर ‘नको’ एवढं एकदा म्हणायचं, कारण द्यायचं नाही.

ताटाशेजारी चमकत्या कागदात गुंडाळलेली नळी दिसेल. एक टोक तू धरायचं, दुसरं शेजारच्यानं, आणि दोघांनी ओढायचं. टिकलीसारखा आवाज होतो, आतून कागदी मुकुट निघतो. तो डोक्यावर घाल. सगळे घालतात, साहेबसुद्धा.

साडी नेसावीशी वाटली तर आईची नारायणपेठी नेस. तीही त्याच मुलखातली आहे.

आता जे फोनवर बोलायचं राहिलं ते. तू म्हणालीस, "आपण उमरीची माणसं, निजामाच्या महालात काय शोभणार?" हे मात्र मला लागलं. फलकनुमा, आभाळाचा आरसा असा अर्थ सांगतात. पायगा घराण्यातल्या विकार-उल-उमरांनी 1884 मध्ये तो बांधायला घेतला आणि त्यापायी कर्जात बुडाले. मग तो सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडे गेला. 1911 मध्ये ते तिथंच वारले. पुढे कित्येक वर्षं महाल बंद होता, 2010 मध्ये ताजनं तिथं हॉटेल उघडलं. त्या महालाचं वैभव कुठून आलं? आपल्यासारख्या गावांच्या शेतसाऱ्यावरच निजामाचं संस्थान उभं होतं ना! आणि आपलं गाव काही मान खाली घालून बसलेलं नाही. 30 जानेवारी 1948 ला उमरीतल्या हैदराबाद स्टेट बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला आणि ती रक्कम मुक्तिलढ्याला गेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. 17 सप्टेंबरला संस्थान मुक्त झालं. आजीच्या तोंडी ‘निजाम’ शब्द आला की शेवटपर्यंत तिचा आवाज खाली यायचा, आठवतं ना? तिची नात त्या घरात मानानं जेवायला बसणार आहे. याहून शोभणं ते काय असतं?

पुढं कधी स्वतःच्या पैशानं गेलीस तर एवढं बघ. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे, तिथं जेवणावर 18 टक्के जीएसटी लागतो. छापलेल्या दरावर तो धरून हिशेब कर. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो, नको असेल तर शांतपणे काढायला सांगता येतो.

मी स्वतःच्या पैशानं फलकनुमात गेले ती आईला घेऊन. देवगिरीनं ती उमरीहून सिकंदराबादला आली, पिशवीत तुझ्यासाठी-माझ्यासाठी हुरडा. जेवण झाल्यावर आम्हाला महाल दाखवला. तिथं एक जेवणाचं टेबल आहे, एका वेळी 101 माणसं बसतील एवढं. एका टोकाला कुजबुजलं तरी दुसऱ्या टोकाला ऐकू येतं म्हणतात. बरोबरची मंडळी फोटो काढत होती. आई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पार दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "एवढ्या पंगतीला वाढायला किती माणसं लागत असतील गं?"

माझ्याकडून विचारायचं राहून गेलं. आई अजून अधूनमधून त्याची आठवण काढते. तू त्या टेबलापाशी गेलीस तर तिथल्या माणसाला विचारून ये, आणि आधी तिला फोन कर, मग मला.