पायाची बधिरता : कारणमीमांसा

पायाला मुंग्या येणे, सुया टोचल्यासारखे वाटणे किंवा स्पर्श न कळणे या तक्रारींना सरसकट ‘वात’ म्हणण्याचा व तेल चोळून स्वस्थ राहण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वस्तुतः ही मज्जातंतूंनी दिलेली सूचना होय. मांडी मोडून उठताच ओसरणाऱ्या मुंग्यांची चिंता नको. परंतु त्या टिकून राहिल्या, तर कारण शोधलेच पाहिजे.

प्रथम जागा पाहावी. कंबरेपासून एकाच पायात पोटरीखाली उतरणारी व खोकताना वाढणारी कळ बहुधा कण्यातील चकती सरकून नस दाबल्याने येते. केवळ मांडीची बाहेरील बाजू बधिर होत असल्यास घट्ट पट्टा किंवा सुटलेले पोट हे कारण संभवते. नडगीची बाहेरील बाजू व पावलाचा वरचा भाग बधिर होत असल्यास पेढीवर तासन् तास मांडी घालून बसण्याने गुडघ्याजवळील नस दाबली जात असेल. त्वचेवर फिकट किंवा तांबूस बधिर चट्टा दिसल्यास कुष्ठरोगाची तपासणी करावी. तो औषधाने पूर्ण बरा होतो.

दोन्ही पायांच्या बोटांपासून हळूहळू वर चढणाऱ्या बधिरतेची दोन कारणे आपल्या समाजाने विशेष ध्यानी घ्यावीत.

पहिले मधुमेह. यात रात्री तळपायांची आग होते आणि पुढे जखमही कळत नाही. अशा व्यक्तीने उन्हाळ्यात मंदिराच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी जाणे धोक्याचे आहे. सकाळच्या गारव्यातच दर्शन घ्यावे व रोज तळपाय तपासावेत.

दुसरे ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. हे जीवनसत्त्व १९४८ साली शुद्ध स्वरूपात हाती आले. आपल्या बाजारातील कोणत्याही धान्यात वा डाळीत ते निसर्गतः नसते; शाकाहारी मनुष्यास ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट उशिरा उघडकीस येते. रसपरित्यागाचे व्रत घेऊन दूध-दही दीर्घकाळ सोडणाऱ्यांनी, तसेच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी रक्त अवश्य तपासावे. केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्यास रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. ब-१२ चे औषध आज जिवाणूंच्या साहाय्याने आंबवण्याच्या क्रियेने तयार होते, प्राण्यांच्या अवयवांपासून नव्हे. मात्र कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. म्हणून वैद्यांकडे गोळी किंवा इंजेक्शन मागावे. उपचार वेळीच झाल्यास पाय सुधारतात. विलंब झाल्यास काही हानी कायमची राहते.

एका अंगाची बधिरता अकस्मात येऊन तोंड वाकडे झाले वा बोलणे अडखळले, दोन्ही पायांतील शक्ती गेली, बैठकीचा भाग बधिर होऊन लघवी अडली, अथवा पाय एकाएकी थंड, फिकट व वेदनामय झाला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

व्यापारी वर्षाअखेर गोदामातील साठा मोजतो, वहीचा मेळ घालतो. त्याच वेळी घरातील प्रौढांच्या रक्तातील साखर व ब-१२ यांचीही मोजणी करण्याचा परिपाठ प्रत्येक सभासद-कुटुंबाने ठेवावा. शरीर हे धर्मसाधनेचे साधन असल्याने त्याची निगा राखणे हे कर्तव्यच होय.