बर्लिनचं रानडुक्कर ताटात घ्यावं का?

प्रश्न : मुलाकडे बर्लिनला आले आहे. संध्याकाळी फुटपाथवर रानडुकरं पिलांसकट फिरतात! शेजारी शिकारी आहेत, ते मटण देऊ म्हणतात. खावं का? – एक वाचक

उत्तर : खा, पण आधी तपासणी झाली का ते विचारा. तिथे रानडुकराच्या मांसाची ट्रिकिनेला या कृमीसाठी तपासणी सक्तीची आहे. स्नायूचा तुकडा पाचक द्रवात विरघळवून अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात. फ्रीझरवर विसंबू नका. रानटी जनावरांतल्या या कृमीच्या काही जाती थंडीला दाद देत नाहीत. तुकडा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजला पाहिजे. आपला मंद आचेवरचा रस्सा उत्तम. धुरावलेलं कच्चं सॉसेज मात्र नको. कच्चं मांस हाताळल्यावर पाटा-सुरी साबणाने धुवा.

मांस बव्हेरियाचं असेल, तर किरणोत्साराचंही विचारा. चेर्नोबिलच्या १९८६च्या अपघातातलं सीझियम तिथल्या मातीत आहे आणि डुकरं जमिनीखालची बुरशी उकरून खातात. किलोमागे ६०० बेकरेलच्या वर असलेलं मांस विकता येत नाही.

रस्त्यावरच्या डुकरांना खाऊ घालू नका. २०२०मध्ये टॉयफेल्स तलावाकाठी एका रानडुकराच्या मादीने लॅपटॉपची पिशवीच पळवली होती. मालक विवस्त्र, तसाच मागे धावला! पिलांजवळ मात्र गंमत नको, मादी अंगावर येते.

गावी आल्यावर हा बेत नको. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार विनापरवाना शिकार गुन्हा आहे.