छपाईची शाई आणि हाताची कातडी

2018 साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशव्यांना पुन्हा दिवस आले. महाबळेश्वरच्या बाजारात दुकानाचे नाव किंवा लालभडक स्ट्रॉबेरी छापलेली पिशवी हाती पडली, तर ते चित्र जवळून पाहा. अशी चित्रे बहुधा स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर शाई आणि ती दाबून ओढायची रबरी पट्टी, एवढ्यावर हा धंदा एका खोलीतही मांडता येतो. त्या खोलीत काम करणाऱ्यांचे हात मात्र पुष्कळदा कोरडे, भेगाळलेले असतात; काहींच्या हातांवर लाल, खाजरे चट्टे उठतात. असे का होते?

आधी जाळीवर चित्र कसे उतरते ते पाहू. जाळीला जिलेटीन किंवा तत्सम चिकट पदार्थाचा लेप देतात. त्यात बायक्रोमेट नावाचा नारिंगी क्षार मिसळलेला असतो. (हल्ली त्याऐवजी डायझो द्रव्येही वापरतात.) वर चित्राची काळी फिल्म ठेवून प्रखर प्रकाश टाकला, की प्रकाश पोचेल तिथला लेप कडक होतो. काळ्या भागाखालचा लेप मऊ राहतो, पाण्याने धुऊन जातो, आणि त्या मोकळ्या छिद्रांतून शाई उतरते. लेप कडक का होतो? प्रकाशाने सहा संयुजेचे क्रोमियम तीन संयुजेचे बनते आणि लेपातल्या लांब रेणूंना एकमेकांशी बांधून टाकते. चामडे कमावताना क्रोमियम हेच करते.

आता हा क्षार हाताला लागला तर? सहा संयुजेचे क्रोमियम कातडीत सहज शिरते. तिथे प्रकाशाचीही गरज नाही; कातडीतल्या द्रव्यांमुळेच ते तीन संयुजेचे होते आणि प्रथिनांना चिकटते. असे बदललेले प्रथिन शरीराच्या संरक्षक पेशींना परके वाटते. काही जणांच्या पेशी ही ओळख पुढे वर्षानुवर्षे विसरत नाहीत. मग अगदी थोडा क्षार लागला, तरी एकदोन दिवसांनी पुरळ उठते आणि हातचा धंदा सोडायची पाळी येते. कुणाला बिब्बा उतलेला तुम्ही पाहिला असेल. तोही याच जातीचा प्रकार. धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचाच रस वापरत, तेव्हा शाईने कातडी उतणे आपल्याकडे नवे नाही!

तरी बहुतेकांचे हात बिघडतात ते थिनरने, आणि त्याला कसलीही ॲलर्जी लागत नाही. कातडीचा सर्वांत वरचा थर तळहात सोडल्यास जेमतेम एक पन्नासांश मिलिमीटर जाडीचा. त्यात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. शाईतली राळ विरघळवणारा थिनर हा चुनाही विरघळवतो. पाणी बाहेर उडून जाते, भेगा पडतात आणि त्या भेगांतून बायक्रोमेटला वाट मिळते. संध्याकाळी थिनरच्या बोळ्याने हात पुसणे ही सर्वांत वाईट सवय. त्याऐवजी गोडेतेल चोळून शाई सैल करावी, पुसावी आणि मग साबणाने हात धुवावेत.

हातमोजे हवेतच, पण कोणते? फुग्याच्या रबराचे पातळ मोजे थिनरमध्ये फुगतात आणि द्रव आत झिरपू देतात. मग तो आतल्या आत कातडीवर कोंडला जातो, म्हणजे उघड्या हातापेक्षा वाईट. नायट्राइलचे मोजे पुष्कळ बरे. मात्र थिनरमध्ये ॲसिटोन असेल तर पातळ मोजे काही मिनिटांतच बदलावे लागतात.