प्लाझ्मातलं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन: वेस्टर्न ब्लॉटची कृती

स्वीडनमधल्या माल्मो इथे १९६३ साली लॉरेल आणि एरिक्सन यांना काही जणांच्या रक्तद्रवाच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये अल्फा-१ बँड दिसलाच नाही. त्यातूनच अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता आणि फुप्फुसांचा एम्फायसेमा यांचं नातं उघड झालं. न्यूट्रोफिल पेशींतल्या इलॅस्टेजला हे प्रथिन आवर घालतं. ते कमी पडलं की फुप्फुसाची झीज होते. आज अँटिबॉडीने ते शोधतानाही मोठा प्रश्न हाच: बँड नाही म्हणजे प्रथिन नाही, की अँटिबॉडीच चालली नाही? म्हणून या कृतीत कंट्रोल लेन गाळायच्या नाहीत.

साहित्य: संमतीने आणि नैतिकता समितीच्या परवानगीने घेतलेला सायट्रेट प्लाझ्मा, शुद्ध मानवी अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, त्याविरुद्ध सशात तयार केलेली अँटिबॉडी, मानवी आयजीजीला न चिकटणारी एचआरपी जोडलेली दुय्यम अँटिबॉडी, १० टक्के जेल, पीव्हीडीएफ मेंब्रेन.

१. आमची प्रयोगशाळा बेहालात, म्हणजे कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, तर विमानतळ ईशान्येला दमदमकडे. अँटिबॉडीचं पार्सल अख्खं शहर ओलांडून येतं, तेव्हा ते आल्याआल्या जेल पॅक गार आहेत का ते पाहा. कुपी क्षणभर सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे झाकणाला लागलेला थेंब खाली येईल. लहान नळ्यांत वाटून पुरवठादाराने सांगितलेल्या तापमानाला ठेवा. पुन्हा पुन्हा गोठवू नका. नळ्यांवर नावं आधीच लिहा. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की फ्रीजरमधून काढलेल्या नळीवर लगेच पाणी धरतं आणि शाई फिसकटते.

२. प्लाझ्मा संसर्गजन्य समजूनच हाताळा. तो २०० पट पातळ करा. इथेच बहुतेकांचं चुकतं. या प्रथिनाचं वजन सुमारे ५२ किलोडाल्टन. वर ६६ ला अल्ब्युमिन ठाण मांडून बसलेलं, खाली ५० ला आयजीजीची जड साखळी. प्लाझ्मा दाट भरला तर अल्ब्युमिन शेजारच्या बँडला दाबून वाकडं करतं. २०० पट पातळ केलेल्या नमुन्याचे ५ मायक्रोलिटर घेतले तरी निरोगी माणसाच्या प्लाझ्मातलं सुमारे ३५ नॅनोग्रॅम लक्ष्य-प्रथिन लेनमध्ये उतरतं. तेवढं पुरतं.

३. सँपल बफर आणि डीटीटी घालून ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवा. एका लेनमध्ये शुद्ध प्रथिन, एकीत निरोगी माणसाचा प्लाझ्मा, मग तपासायचे नमुने. हाच संच जेलच्या दुसऱ्या भागात पुन्हा भरा. तो प्राथमिक अँटिबॉडीविना ठेवायचा आहे.

४. जेल आधी ८०, मग १२० व्होल्टवर चालवा. मेंब्रेन मिथेनॉलमध्ये भिजवून १०० व्होल्टवर तासभर, टाकीभोवती बर्फ ठेवून ट्रान्सफर करा. पाँसो रंग देऊन सगळ्या लेन सारख्या उतरल्या का ते पाहा. रंग धुऊन मेंब्रेन दोन भागांत कापा.

५. टीबीएसटीत ५ टक्के स्किम मिल्क घेऊन तासभर ब्लॉक करा.

६. पहिल्या भागावर प्राथमिक अँटिबॉडी १:१००० ने घालून रात्रभर ४ अंशांवर हलवत ठेवा. नवी कुपी असेल तर १:५००० आणि १:२०,००० च्या पट्ट्याही लावा. प्लाझ्मात हे प्रथिन मुबलक असल्याने पुष्कळदा पातळ द्रावणच स्वच्छ निकाल देतं.

७. दहा-दहा मिनिटांनी तीनदा धुवा. दोन्ही भागांवर दुय्यम अँटिबॉडी १:१०,००० ने तासभर. या बफरमध्ये सोडियम अझाइड नको, त्याने एचआरपी निकामी होतं. पुन्हा तीनदा धुऊन ईसीएल लावा आणि फोटो घ्या.

शुद्ध प्रथिन आणि निरोगी प्लाझ्मा दोन्ही ५२ जवळ दिसले आणि प्राथमिक अँटिबॉडीविना ठेवलेला भाग कोरा राहिला, तरच नमुन्यातल्या फिकट बँडवर बोला. ८० च्या आसपास वेगळा बँड दिसला तर इलॅस्टेजशी जखडलेलं रूप असू शकतं. ताप किंवा जंतुसंसर्गात हे प्रथिन वाढतं, त्यामुळे नमुना देणाऱ्याची त्या दिवशीची तब्येत नोंदवून ठेवा.

संशोधनासाठी विकल्या जाणाऱ्या अँटिबॉडीवर रुग्णाचं निदान करू नका. शंका आली तर नमुना नेफेलोमेट्री आणि फेनोटाइपिंग करणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवा.